वेश आणि सोंग

गणेशोत्सवातील मुलांच्या वेशभूषा स्पर्धेचे परीक्षण हे वकिलाकडे चालत येणारे एक बिनफीचे काम आहे. सुरतेत वकिली करणाऱ्या मराठी माणसाकडे ते हमखास येते आणि नाही म्हणण्याची सोय नसते. गेल्या गणेशोत्सवात एका मंडळाने मला असेच बोलावले. शिवाजी महाराज चार होते, लोकमान्य दोन, झाशीची राणी एक, भाजीवाली एक, आणि एक मुलगा मोबाइलचा मनोरा होऊन आला होता. पहिले पारितोषिक मी दिले ते सहासात वर्षांच्या एका चुणचुणीत मुलाला. त्याच्या सर्वांगाला काजळी फासली होती. कमरेभोवती आंब्याच्या पानांची माळ, डोक्याला कोंबडीच्या पिसांची पट्टी, हातात पुठ्ठ्याचा भाला. 'हू हू' करीत तो रंगमंचभर नाचला. निवेदकाने त्याचे नाव पुकारून 'वेश : आदिवासी' असे सांगितले, तेव्हा त्या संध्याकाळचा सर्वांत मोठा हशा झाला. प्रशस्तिपत्रावर मी आनंदाने सही केली.

प्रेक्षकांत माझ्या कचेरीत काम शिकणारी एक तरुण वकील बसली होती. ती तापी जिल्ह्यातील व्याऱ्याकडची गामीत. (मी आधी नुसते 'आदिवासी' लिहिले होते, मसुदा वाचताना तिने ते खोडून 'गामीत' केले.) आरतीला ये म्हणून मीच तिला सांगितले होते, आणि ती आपल्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. प्रसाद घेताना ती चिमुरडी आईला गुजरातीत विचारीत होती, की आदिवासी तर आपण ना, मग तो मुलगा कोण होता? आईने तिच्या हातावर मोदक ठेवला, मला नमस्कार केला आणि ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी कचेरीत येऊन तिने एका दाव्यातील कैफियतीचा कच्चा मसुदा माझ्यापुढे ठेवला. झाल्या प्रकाराविषयी ती आजतागायत चकार शब्द बोललेली नाही. बोलली असती तर मला थोडे हलके वाटले असते.

उत्सव आटोपल्यावर मंडळाच्या बैठकीत मी एक साधी सूचना मांडली : पुढील वर्षापासून 'आदिवासी' या नावाचे सोंग स्पर्धेत घेऊ नये, आणि मुलाला दुसऱ्या एखाद्या समाजाचा वेश चढवायचा असल्यास तो त्या समाजातील कोणाला तरी विचारून चढवावा. यावर जे झाले त्याला चर्चा म्हणणे हे केवळ सौजन्य होईल. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, मुलांचा खेळ तो, वकीलसाहेबांना हल्लीचा हळवेपणा बाधलेला दिसतो. दुसऱ्यांनी विचारले, तुमच्या अंगावरचा काळा कोट तुम्ही कोणाला विचारून शिवलात? तिसऱ्यांचे म्हणणे असे, की यात अपमान कसला, हे तर कौतुक आहे. आणि कोषाध्यक्षांनी, वकिलाला वकिलाच्याच भाषेत गप्प करावे या हेतूने, कोणत्या कलमाचा भंग झाला ते दाखवा, असे आव्हान दिले. मला तेथे नीट उत्तर देता आले नाही. तेवढ्यात चहा आला. ते उत्तर येथे देत आहे, कारण हेच चार आक्षेप थोड्याफार फरकाने मी आपल्या देवस्थानांच्या आणि ज्ञातिसंस्थांच्या संमेलनांतूनही ऐकले आहेत.

कोटाच्या प्रश्नापासून आरंभ करतो, कारण चारांत तोच एक विचाराला चालना देणारा आहे. माझा कोट इंग्रजाचा, हे खरे. वैशाखात सुरतेच्या न्यायालयात तो चढवताना मी त्या जातीला मनातल्या मनात जे म्हणतो ते येथे छापता येणार नाही. पण त्याच्या आतला सदराही माझा नव्हे. 'सदरा' हा शब्दच अरबीतून आला आणि 'पायजमा' फारसीतून. दुसऱ्याचे वस्त्र घेऊच नये असा नियम केला तर आपल्यापैकी कोणालाही सभ्यपणे घराबाहेर पडता येणार नाही. तेव्हा घेण्याला माझा विरोध नाही. घ्यावे कसे, एवढाच वाद आहे. आणि तो कसा सोडवावा हे शिकण्यासाठी सुरतकरांना लांब जावे लागत नाही.

सुरतेच्या दक्षिणेस संजाण आहे. इराणातून आलेले पारशी तेथे उतरले तेव्हा तेथील राजाने त्यांना आश्रय देताना काही अटी घातल्या, असे 'किस्सा-इ-संजाण' या काव्यात सांगितले आहे. नवसारीच्या एका पारशी धर्मपंडिताने इसवी सन १६०० च्या सुमारास ते फारसीत रचले. अटींपैकी एक अशी, की या देशाची भाषा स्वीकारावी. दुसरी अशी, की स्त्रियांनी या देशातील स्त्रियांचा वेश धारण करावा. काव्य घटनेनंतर कित्येक शतकांनी लिहिलेले आहे, तेव्हा त्यातील तपशील इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरतात हा प्रश्न वेगळा. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की एका समाजाने आपल्या जन्मकथेतच परक्या वेशाचा स्वीकार नोंदवून ठेवला. साडी पारशिणींनी घेतली ती पिढ्यान्‌पिढ्या नेसण्यासाठी. आतली सुदरी आणि कुस्ती त्यांनी सोडली नाही, आणि साडी नेसून गुजरातणीची नक्कल करून दाखविली नाही.

दुसरे उदाहरण सुरतेच्या मागाचे. तनछोई नावाचे रेशमी वस्त्र वाचकांतील अनेक गृहिणींच्या पेटीत असेल. ते आता बनारसचे समजले जाते. त्याच्या नावाची कथा सुरतेत अशी सांगतात, की एकोणिसाव्या शतकात एका पारशी व्यापाऱ्याने (काहींच्या मते ते सर जमशेटजी जीजीभाई) सुरतेतील जोशी आडनावाचे तीन विणकर भाऊ चीनमध्ये विणकाम शिकण्यासाठी पाठविले. तेथे त्यांनी छोई नावाच्या उस्तादापाशी विद्या घेतली आणि परत येऊन जे वस्त्र विणले त्याला 'तन छोई' म्हणजे तीन छोई हे नाव पडले. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, ती रचणाऱ्यांचे मन पाहा. विद्या चिनी माणसाची, माग सुरतेचा, हात ब्राह्मण आडनावाच्या विणकराचे, भांडवल पारशाचे. आणि नाव राहिले गुरूचे. परदेशी जाऊन आलेल्या तिघा भावांना आपले नाव त्या कापडाला देता आले नसते असे थोडेच आहे?

या दोन्ही ठिकाणी घेणारा आधी शिकला आणि मग ल्याला. ज्याच्याकडून घेतले तो डोळ्यांपुढे होता. आता आपल्या पारितोषिकविजेत्याकडे वळू. त्याचा वेश कोणाकडून घेतला होता? गामितांचा तो नव्हे, चौधरींचा नव्हे, धोडियांचा, वसावांचा, कुकणांचा, वारल्यांचा, कोणाचाच नव्हे. या समाजांतील जुन्या पिढीच्या स्त्रिया काष्टा घालून गुडघ्यापर्यंत लुगडे नेसत, आणि वारली-कोकणा स्त्रियांची खांद्यावरची फडकी डहाणूच्या बाजारात ज्याने पाहिली असेल त्याला तिचे रंगही आठवतील. पानांचा झगा आणि पिसांची पट्टी आली आहे ती चित्रपटातून. त्यातली पट्टी तर मूळची अमेरिकेच्या माळरानावरील लोकांच्या मस्तकाभरणाची भ्रष्ट नक्कल, हॉलिवूडमार्गे मुंबईत उतरलेली. म्हणजे ज्यांच्या नावाने आपण हसलो त्यांच्या अंगावर ते वस्त्र कधी नव्हतेच. तो वेश नव्हता. ते सोंग होते.

'सोंग' हा शब्द मी हिणवण्यासाठी वापरीत नाही, हे आपल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. गोव्यात आणि सिंधुदुर्गात देवळाच्या मांडावर दशावतार पाहतच आपण वाढलो. दशावतारी नट पेटाऱ्याची पूजा करतो, मग रंग लावतो. संकासुराचे सोंगसुद्धा तेथे वाटेल तसे घेता येत नाही, त्याला परंपरेची मर्यादा असते. सोंगाला मर्यादा असते हे आपल्याला ठाऊक आहे. ती मर्यादा आपण आपल्या सोंगांपुरती पाळतो, एवढेच.

आणि पिसांचेच म्हणाल तर पिसे असतात. सुरतेहून फार दूर नाही, नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यात काठी येथे होळी होते. खानदेशातून उधना-लिंबायतला आलेल्या आपल्या बांधवांना ती माहीत आहे. तेथे नवस बोललेले पुरुष अंगावर राखेचे आणि तांदळाच्या पिठाचे ठिपके काढतात, कमरेला वाळके भोपळे आणि घुंगरू बांधतात, डोक्यावर बांबूची मोरपिसे लावलेली उंच टोपी घालतात. त्यापूर्वी काही दिवस ते 'पालनी' पाळतात : खाटेवर निजायचे नाही, ब्रह्मचर्य ठेवायचे, अन्नाचे नियम पाळायचे. नवस फिटला की तो साज उतरतो. याला आपल्या भाषेत एकच शब्द आहे, आणि तो म्हणजे सोवळे. ती टोपी आणि आपल्या पुजाऱ्याचा कद ही एकाच जातीची वस्त्रे आहेत. धुऊन वेगळे वाळत घातलेल्या कदाला घरातल्या लेकराचाही हात लागू नये म्हणून आपल्या आज्या काठीने दोरीवरून कपडा काढीत. आणि त्याच घरातल्या नातवंडाला आपण दुसऱ्याच्या सोवळ्याची कोंबडीच्या पिसांनी केलेली नक्कल चढवून नाचवतो.

काजळीविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण त्या बैठकीत काजळी ही सर्वांत निरुपद्रवी बाब समजली गेली. पुसली की जाते, असे कोणी म्हणालेही. सुरत जिल्ह्यात या लोकांना पूर्वी 'काळीपरज' म्हणत, म्हणजे काळी प्रजा; आणि आपण उरलेले सर्व 'उजळीपरज'. हे शब्द सरकारी कागदांतूनही वावरत असत. १९२२ च्या नोव्हेंबरात या भागात एक विलक्षण चळवळ उठली. पालघरच्या किनाऱ्याकडून डांगमार्गे सुरत जिल्ह्याच्या पूर्व भागात 'देवी' आली असे लोक म्हणू लागले. ज्यांच्या अंगात ती येई ते सांगत, की दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, स्वच्छ राहा, दारूचा धंदा करणाऱ्यांची चाकरी करू नका. कोणी पुढाऱ्याने हे शिकविलेले नव्हते. हजारो माणसांनी ते आपले आपण आरंभिले. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने १९८७ साली यावर सबंध ग्रंथ लिहिला आहे. पुढे यातूनच चौधरी आणि इतर समाज सूतकताई आणि खादीकडे वळले, वालोडजवळ वेडछीला आश्रम उभा राहिला, जुगतराम दवे यांनी आपले आयुष्य तेथे वेचले. जानेवारी १९२५ मध्ये वेडछीच्या परिषदेला स्वतः गांधीजी अध्यक्ष म्हणून आले. 'काळीपरज' हा शब्द टाकून 'रानीपरज' म्हणजे वनातील प्रजा हे नाव त्या दशकात रूढ झाले.

याचा अर्थ असा, की अंगावर काय घालावे याचा जेवढा गंभीर विचार या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी केला तेवढा आपण शहरवासीयांनी क्वचितच केला असेल. त्यांनी स्वतः सूत काढून ते अंगावर चढविले आणि 'काळी' हे विशेषण अंगावरून उतरविले. त्याच जिल्ह्याच्या मुख्य शहरात, विघ्नहर्त्यापुढे, आपण डब्यातली काजळी काढून ते विशेषण एका लेकराच्या तोंडाला फासले आणि त्याला पहिला नंबर दिला. मी दिला.

आता खेळाविषयी. मुलाचा दोष काडीमात्र नाही. तो आई सांगेल ते होतो, उद्या त्याला टोमॅटो केला तर तो टोमॅटो होईल. पण म्हणूनच प्रौढांची जबाबदारी मोठी. कोणाचा वेश आदराने पाहावयाचा आणि कोणाचा पाहून हसावयाचे, हे मूल याच खेळांतून शिकते, आणि पुढे पंचविसाव्या वर्षी अधिकारी होऊन व्यारा-मांडवीच्या कचेरीत बसले म्हणजे तेथे उभ्या असलेल्या माणसाशी ते कसे बोलावयाचे हेही त्याने तेव्हाच ठरवलेले असते. 'हळवेपणा' या शब्दाने ज्येष्ठ सभासदांनी मला झटकले, तेच गृहस्थ एरवी फार हळवे आहेत. हिंदी चित्रपटात मोलकरीण दाखवायची म्हटले की नऊवारी नेसलेली, हातात झाडू घेतलेली 'बाई' हटकून येते, यावर त्यांनी आमच्यापुढे अनेकदा संताप व्यक्त केला आहे. तो संताप रास्त आहे. ज्या नऊवारीत आमच्या आजीने तुळशीला पाणी घातले ती नऊवारी म्हणजे केर काढणाऱ्या विनोदी पात्राचा गणवेश नव्हे. गोव्याच्या वाचकांना तर याहून अधिक सोसावे लागले. पडद्यावरचा गोवेकर म्हणजे अर्धी चड्डी घातलेला, बाटली हातात धरलेला, मोडके हिंदी बोलणारा इसम, ही समजूत कित्येक पिढ्या चालली. आपल्याला टोचते ते खरे, आणि दुसऱ्याला टोचते तो हळवेपणा, अशी वजने न्यायालयात तरी चालत नाहीत.

देवतांच्या बाबतीत तर आपण क्षणाचाही विलंब लावीत नाही. २००४ साली लंडनमधील हॅरॉड्स या प्रसिद्ध दुकानात रोबेर्तो काव्हाल्ली या इटालियन वेशकाराची आपल्या देवदेवतांची चित्रे छापलेली स्नानवस्त्रे विक्रीस आली. तेथील हिंदूंनी निषेध केला आणि ती परत घ्यावी लागली. २०११ साली ऑस्ट्रेलियात एका प्रदर्शनात लक्ष्मीचे चित्र असलेले स्नानवस्त्र नेसून एक युवती चालली. पुन्हा निषेध झाला, त्या कंपनीने क्षमा मागून उत्पादन थांबविले. हे योग्यच झाले. त्या वेळी 'आम्ही तर तुमच्या देवीचे कौतुक करीत होतो' हे उत्तर आपण ऐकून घेतले असते काय? कौतुक झाले की नाही हे ज्याचे कौतुक झाले त्याने ठरवावयाचे असते. तिसऱ्या आक्षेपकांना माझे एवढेच उत्तर आहे, आणि ते पुरेसे आहे असे मला वाटते.

तरी कौतुकाचे एक उदाहरण ताजे आहे आणि ते आपल्याला फारसे सुखावह नाही. जून २०२५ मध्ये प्रादा या इटालियन पेढीने मिलान येथील प्रदर्शनात पुरुषांच्या पायांत सरळसरळ कोल्हापुरी चपला घातल्या आणि त्यांचे वर्णन चामडी वहाणा एवढेच केले. महाराष्ट्रात गहजब झाला. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक उपदर्शन आहे. महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगावी, बागलकोट, धारवाड, विजयपूर असे आठ जिल्हे त्यात येतात. मुंबई उच्च न्यायालयात जनहितार्थ अर्ज झाला, तो जुलैमध्ये निकालात निघाला, कारण दाद मागण्याचा अधिकार नोंदणीकृत धारकांचा. पेढीने प्रेरणा कोठली ते मान्य केले, आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून येथील कारागिरांकडून दोन हजार जोड करवून घेण्याचे जाहीर केले. गोष्ट बऱ्यापैकी शेवटाला गेली म्हणावयाची. पण त्या महिन्याभरात 'आपली कोल्हापुरी', 'आपला वारसा' असे संदेश ज्यांनी ज्यांनी मला पाठविले, त्यांना मी एकच विचारतो. ती चपल 'आपली' केव्हापासून झाली? ती ज्यांनी शिवली त्या चर्मकार समाजाला पंढरीच्या विठोबाच्या गाभाऱ्यापर्यंत जाता यावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावे लागले. चपल देवळाबाहेर काढून ठेवण्याची आपली रीत आहे. आपण ती करणारालाही तिच्याबरोबर बाहेरच ठेवले होते.

गोव्यात कुणबी कापडाचे काहीसे असेच झाले. तांबड्या चौकड्यांचे, गुडघ्याच्या जरा खाली येणारे आणि खांद्यावर गाठ मारलेले ते लुगडे शेतातल्या चिखलासाठी होते. त्याचे माग जवळजवळ थांबले होते. २०१० च्या सुमारास वेंडेल रॉड्रिक्स यांनी ते पुन्हा विणवून घेतले, मांडणीत बदल करून प्रदर्शनात आणले, आणि ते कोणाचे हे सांगून आणले. त्यांच्या प्रयत्नाविषयी मला आदर आहे. पण आता आपल्या संमेलनांत 'गोंयची सांज' असली की मुली कुणबी कापड नेसून, केसांत आबोली माळून, डोक्यावर पाटली घेऊन खांदे उडवीत येतात आणि निवेदिका त्यांना 'आमच्यो कुणबिणी' म्हणते. गावडा, कुणबी आणि वेळीप यांचा अनुसूचित जमातींत समावेश होण्यास २००३ साल उजाडावे लागले. त्या संध्याकाळी सभागृहात त्या समाजातील पाहुणे किती असतात, हे आयोजकांनी एकदा मोजावे. कापड जरूर नेसावे. विणणाराकडून घ्यावे, गाठ कशी मारतात ते नेसणारीकडून शिकावे. ती नक्कल करण्याचे अंग तेवढे सोडावे.

वेशाशी खेळ करणे ज्याला परवडते त्याने हेही स्मरावे, की पुष्कळांना तो खेळ कधी परवडला नाही. १४ एप्रिल १७३६ रोजी गोव्याच्या इन्क्विझिशनने हुकूम काढून ख्रिस्ती झालेल्या गोमंतकीयांना पुडवें नेसण्याची बंदी केली, स्त्रियांना चोळी घालण्याची बंदी केली. दारात तुळस लावू नये इथपर्यंत हात घातला. अ. का. प्रियोळकरांनी हा सर्व पुरावा १९६१ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मांडून ठेवला आहे. हेतू उघड होता. पुडवें गेले की माणूस आपल्या भावंडांपासून तुटतो, हे त्या परकी धर्माधिकाऱ्यांना चांगले कळत होते. आपणही काही निर्मळ नाही. त्रावणकोरात शानार स्त्रियांना अंगभर वस्त्र घेता यावे यासाठी वर्षानुवर्षे झगडा झाला, आणि १८५९ च्या राजाज्ञेने मुभा दिली तीसुद्धा 'उच्च जातीच्या स्त्रियांप्रमाणे नव्हे' अशी पुस्ती जोडून. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले, की जातीची खूण पटविणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि ते जड दागिने टाकून द्या. त्या स्त्रियांनी ते ऐकले आणि लुगडी पायघोळ नेसू लागल्या. ज्यांच्या अंगावर वेश हा शिक्क्यासारखा उमटविला गेला होता, त्यांनी तो कष्टाने उतरवावा, आणि आपण तो करमणुकीसाठी उचलून मुलांच्या अंगावर घालावा, यातली विसंगती दाखवून देण्यासाठी कलमांची आवश्यकता नाही.

पण कोषाध्यक्षांनी कलम मागितले आहे, तर थोडक्यात सांगतो. कलम नाही. धार्मिक भावना दुखविण्याचे जे कलम पूर्वी भारतीय दंड संहितेत २९५ अ होते आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २९९ झाले, त्याला बुद्धिपुरस्सर दुष्ट हेतू लागतो. पानांचा झगा शिवणाऱ्या आईपाशी तो नव्हता. उलट मनाजोगता वेश करणे हा अभिव्यक्तीचाच भाग आहे असे सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांविषयीच्या २०१४ च्या निकालात म्हटले आहे, आणि ते मला मान्य आहे. संविधानाचा अनुच्छेद २९ प्रत्येक समाजाला आपली संस्कृती जतन करण्याचा अधिकार देतो, अनुच्छेद ५१ अ आपल्या संमिश्र संस्कृतीचे मोल जाणण्याचे कर्तव्य सांगतो. पण त्या कर्तव्यासाठी कोणाला न्यायालयात खेचता येत नाही. खेचता यावे अशी माझी इच्छाही नाही. वेशासाठी पोलिस बोलावणारा समाज मला नको आहे. पण पानाच्या पिंका मंडपात टाकू नयेत हेही कोणत्या कलमाखाली आपण ठरविले होते? तो ठराव तर याच कोषाध्यक्षांनी मांडला होता.

आपल्या वाचकांत देवस्थानांचे विश्वस्त पुष्कळ आहेत म्हणून अखेर त्यांच्याशी दोन शब्द. आपल्या पुष्कळ देवळांच्या दारांवर आता पोशाखाविषयीचे फलक आहेत; मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिराच्या न्यासाने जानेवारी २०२५ मध्ये तसा नियम जाहीर केला तेव्हा त्यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली. या नियमांच्या बाजूने आपण जे सांगतो ते असे, की पाहुण्याने यजमानाच्या घरची रीत पाळावी. अर्ध्या चड्डीतला परदेशी प्रवासी मनाने वाईट नसतो, पण येथे कोण राहतो हे त्याला कळलेले नसते. हा युक्तिवाद मला पटतो. म्हणूनच तो देवळाच्या पायरीवर संपू नये असे मला वाटते. गाभाऱ्यापुढे आपण यजमान आहोत. काठीच्या होळीपुढे, कुणब्याच्या मांडापुढे, गामिताच्या अंगणात आपण पाहुणे आहोत, आणि त्यांच्या वस्त्राला हात घालताना तर अधिकच.

माझी सूचना फेटाळलेली नाही, एवढे मंडळाच्या बाजूने नमूद केले पाहिजे. ती पुढील बैठकीवर टाकली आहे. तिच्यात मी आता एक भर घातली आहे : येत्या वर्षी व्यारा किंवा मांडवीकडील एखाद्या शिक्षकाला परीक्षक म्हणून बोलवावे आणि माझे नाव त्या यादीतून काढावे. ज्येष्ठ सभासदांना हे पटले तर पाहावयाचे. पारितोषिक वितरणाचे छायाचित्र मंडळाच्या कचेरीत लोकमान्यांच्या तसबिरीखाली लावले आहे. मुलगा, प्रशस्तिपत्र आणि त्यावरची माझी सही, सर्व त्यात स्वच्छ दिसते. ते काढावे अशी विनंती मी दोनदा केली आहे.